लेन्सची किंमत सांगायच्या आधी आम्ही दिवसभर काय करतो ते विचारा: ग्वाल्हेरच्या नेत्ररुग्णालयांना खुलं पत्र

ग्वाल्हेरमधल्या सगळ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलांच्या चालकांना, डॉक्टर मंडळींना, आणि खास करून ऑपरेशनच्या आधी लेन्सचं कार्ड घेऊन बसणाऱ्या काउन्सेलर ताई-दादांना,

स. न. वि. वि.

पत्र तक्रारीचं आहे पण भांडणाचं नाही हे आधीच सांगून टाकते. माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दोन्ही व्यवस्थित झालीत, डॉक्टरांचा हात हलका, नर्स मुली गोड, पैसे जेवढे सांगितले तेवढेच घेतले. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नंतर भजनी मंडळातल्या बायकांशी बोलले, दौलतगंजातल्या नणंदेशी बोलले, मुरारच्या विहिणीशी बोलले आणि कळलं की हॉस्पिटल कुठलंही असो, ते लेन्सचं टेबल सगळीकडे थोड्याफार फरकानं सारखंच असतं. म्हणून पत्र सगळ्यांनाच.

आता मी कोण ते सांगायला हवं, कारण सगळा मुद्दाच त्यावर आहे. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, घरी मुलांना गाणं शिकवते, आणि भजनाला, कीर्तनाला पेटीची साथ करते. वय साठीच्या पुढचं, सत्तरीच्या आतलं. संध्याकाळी दोन घरी शिकवायला स्कूटीवर जाते. पेटी वाजवताना नोटेशनची वही समोर स्टँडवर असते, म्हणजे पोथीसारखी हातातही नाही आणि टीव्हीसारखी भिंतीवरही नाही, मधेच कुठेतरी. ज्यांनी भातखंड्यांच्या पद्धतीचं नोटेशन बघितलंय त्यांना माहिती आहे की त्यात सगळा जीव बारीक खुणांत असतो. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. आमच्या गावात १९१८ पासून माधव संगीत महाविद्यालय आहे, भातखंड्यांच्याच पद्धतीवर सुरू झालेलं, त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत ही लिपी पाटी-पेन्सिलीइतकी जुनी आहे.

तर माझा मोतीबिंदू आधी त्या टिंबांना लागला. मंद्रातला नी आणि मधला नी सारखेच दिसायला लागले, भैरवातला रे कोमलही वाटायचा आणि शुद्धही, आणि मग शिकायला येणारी दहा वर्षांची पोरगी हळूच म्हणायची, बाई इथे रेघ आहे. रात्री समोरून ई-रिक्षा आली की दिव्याचा नुसता भपका, माणूस दिसायचाच नाही. चष्म्याचा नंबर बदलला, परत बदलला, मग चष्मेवालाच म्हणाला की आता डॉक्टरांकडेच जा. डॉक्टरांनी ड्रॉप घालून तपासलं, म्हणाले मोतियाबिंद आहे, थेंबांनी जाणार नाही, ऑपरेशनच करावं लागेल, पण घाई नाही, आणि "पिकेपर्यंत थांबा" हे जुनं झालं, आता अडचण व्हायला लागली की करून घ्यायचं. इथपर्यंत सगळं उत्तम. मग त्यांनी चिठ्ठी लिहून मला काउन्सेलरकडे पाठवलं.

ताई, तुमचा पहिला प्रश्न मला अजून तोंडपाठ आहे. "आंटी, कैशलेस है या पेमेंट?"

मला प्रश्नाचा राग नाही, तो विचारावाच लागतो हे कळतं. पॉलिसीत मोतीबिंदूला वेगळी मर्यादा असते हेही मला तेव्हाच कळलं. माझ्याकडे आरोग्य संजीवनी आहे, त्यात एका डोळ्याला विमा रकमेच्या पंचवीस टक्के किंवा ४०,००० रुपये, जे कमी असेल ते, आणि पॉलिसी घेतल्यावर पहिली दोन वर्षं तर मोतीबिंदूचं काहीच मिळत नाही. आमच्या ह्यांना सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड आहे, ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता देताहेत ते, पण मला अजून वय नाही. तर ते सगळं ठीक. पण पॉलिसीचा आकडा कळल्याबरोबर तुमचं बोट कार्डावर जे सरकलं ना, ते बघून मला साडीच्या दुकानाची आठवण झाली नसती तरच नवल.

कार्ड लॅमिनेट केलेलं. तीन चित्रं. एका चित्रात आजोबा जाड चष्म्यातून पेपर वाचताहेत आणि दुःखी आहेत. दुसऱ्यात जरा बरे. तिसऱ्यात आजोबा-आजी डोंगरावर, चष्मा नाही, दात पांढरेशुभ्र. खाली साधी, ॲडव्हान्स, प्रीमियम, किमती पंधरा-वीस हजारांपासून सुरू होऊन लाखाच्या घरात. मी विचारलं की मी पेटी वाजवते, वही एवढ्या अंतरावर असते, हात करून दाखवलं, तिथलं कुठल्या लेन्सनं दिसेल? तुम्ही म्हणालात "सब दिखेगा आंटी, एकदम एचडी." मी म्हटलं साधीनं दिसेल का? तर तुम्ही माझ्याकडे न बघता फोनवर असलेल्या माझ्या मुलाला म्हणालात, "सर, मम्मी के लिए कोई बेसिक लेता है क्या?" तो बिचारा पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभा, आई एकटी हॉस्पिटलात, त्यानं काय म्हणायचं? तो म्हणाला जे बेस्ट असेल ते टाका. ह्याला समुपदेशन म्हणत असाल तर वसुली कशाला म्हणायचं ते मला सांगा.

शेवटी मी मधली घेतली. सगळेच मधली घेतात, कार्ड तसंच बनवलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या कार्डावर जे कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि जे सगळ्यात महत्त्वाचं होतं, ते फुकट होतं. मला हे नंतर माझ्या भाच्यानं समजावलं, तो डॉक्टर आहे, डोळ्यांचा नाही पण त्यानं मित्राला विचारून नीट सांगितलं. ऑपरेशनच्या आधी हनुवटी टेकवून त्या मशीनमध्ये बघायला लावतात ना, त्यात डोळ्याची लांबी मोजतात, साधारण तेवीस-चोवीस मिलिमीटर असते, आणि बुबुळाची गोलाई मोजतात. लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीननं चुकतो, इतकं ते नाजूक. त्या मापांवरून हिशोब करून कितीच्या पॉवरची लेन्स बसवायची ते ठरतं. पण त्या हिशोबात एक आकडा मशीन देत नाही, तो माणसानं द्यायचा असतो: ह्या पेशंटला बिनचष्म्याचं नक्की कुठलं स्पष्ट दिसायला हवंय? लांबचं, हातभर अंतरावरचं, की पुस्तकाचं? साधी काय आणि मधली काय, दोन्ही एकाच अंतराला फोकस करतात, मोनोफोकल म्हणतात त्यांना. ते अंतर कुठलं हे ऑपरेशनच्या आधी ठरवायचं असतं, आणि कुणी काही विचारलं नाही तर लांबचं धरतात. रिवाज आहे तसा. बहुतेकांना तेच सोयीचं पडतं हे मला मान्य आहे. पण मी वयाच्या विसाव्या वर्षापासून लांबचा चष्मा लावते हो! स्कूटीवर चष्मा लावायला माझी काडीची हरकत नव्हती. मला चष्मा नको होता तो पेटीवर. एक प्रश्न विचारला असता तर त्याच लेन्सच्या डब्यातून दुसऱ्या नंबरची लेन्स निघाली असती, त्याच किमतीत.

ऑपरेशनबद्दल चांगलं लिहिते, कारण ते चांगलंच झालं, आणि घाबरलेल्या लोकांनी वाचावं म्हणूनही. सकाळपासून दर थोड्या वेळानं बाहुली मोठी करायचे थेंब, मग बधिर करायचे थेंब, इंजेक्शन नाहीच. टेबलावर झोपल्यावर बीटाडीनसारखं तपकिरी काहीतरी डोळ्यात घातलं, ते झोंबलं, सगळ्यात जास्त त्रास त्याचाच. चिकट प्लास्टिक चेहऱ्यावर ओढून लावलं, वर तीन दिवे दिसत होते ते हळूहळू पाण्यात विरघळले, गुलाबी, मग निळे, मग काहीच आकार नाही नुसता उजेड. दुखत नाही, दाबल्यासारखं वाटतं आणि कानाकडे गार पाणी ओघळतं. ते मशीन आवाज करतं. डॉक्टर पायानं पेडल दाबतील तसा त्याचा सूर चढतो, पेटीवरच्या काळी दोनच्या आसपास सुरू होऊन चढत चढत काळी चारच्याही वर जाऊन मधेच तुटत होता, आणि मी मनात म्हणत होते अहो षड्जावर या एकदा. दहा-पंधरा मिनिटांत झालं. दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून आतली जुनी लेन्स अल्ट्रासाउंडनं बारीक करून ओढून घेतात आणि घडी घातलेली नवी लेन्स आत जाऊन उलगडते, टाके नाहीत. ही अल्ट्रासाउंडची युक्ती चार्ल्स केलमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरला दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत सुचली म्हणे, १९६७ मध्ये त्यानं ती आणली. आणि डोळ्यात प्लास्टिक बसवायचं धाडस त्याच्याही आधी, १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडलीनं केलं, लढाऊ वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या प्लास्टिकच्या काचेचे तुकडे घुसून तसेच पडून राहिलेले त्यानं बघितले होते, डोळा त्यावर चिडत नव्हता. एवढी मोठी माणसं एवढं करून गेली आणि आपण येऊन पोचलो कुठे, तर बेसिक की प्रीमियम.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. तो प्रकार ज्याचा त्यालाच कळतो. नव्या डोळ्यानं घराची भिंत पांढरी आणि जुन्या डोळ्यानं तीच भिंत चहा सांडल्यासारखी. माझी जांभळी समजून नेसत असलेली साडी चक्क निळी निघाली. महाराज बाड्यावरच्या घड्याळाचे काटे चालत्या रिक्षातून दिसले. ह्यांच्या दाढीत राहिलेले केसही दिसले, ते मी सांगितलं, त्यांना फार काही आवडलं नाही.

आणि मग पेटीवर बसले. वही धूसर. चष्म्याशिवाय धूसर, आणि पुढे तुमच्याकडून मिळालेला वाचायचा अडीचचा चष्मा लावला तरी धूसर, कारण तो चष्मा पुस्तकाच्या अंतराचा, सोळा इंचाचा. मी शिवणाचा टेप आणून डोळ्यापासून वहीपर्यंत मोजलं, सव्वीस इंच. म्हणजे मला लांबचं काचेसारखं, जवळचं चष्म्यानं लख्ख, आणि जिथे माझं सगळं आयुष्य मांडलेलं असतं त्या सव्वीस इंचांवर नेमकं धुकं. चाळिशीच्या पुढची, कॉम्प्युटरवर काम करणारी मंडळी, शिंपी, सोनार, पोळपाटावर वाकणाऱ्या बायका, ह्या सगळ्यांचं जग ह्याच अंतरावर असतं की नाही? कार्डावरचे आजोबा मात्र एक तर पेपर वाचतात नाहीतर डोंगरावर जातात.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी काउन्सेलरकडे गेलेच नाही, टेप पर्समध्ये टाकला आणि सरळ डॉक्टरांसमोर बसले. सांगायला हवं की डॉक्टर चिडले नाहीत, उलट म्हणाले हे तुम्ही आधी का नाही सांगितलं. (विचारलं कुणी, डॉक्टरसाहेब?) त्यांनी ट्रायल फ्रेममध्ये नव्या डोळ्यासमोर दीडचा भिंग टाकून दाखवला, की बघा, डोळा असा ठेवला तर वही अशी दिसेल, पण समोरचा बोर्ड असा पुसट होईल. दोन्ही हातांच्या मधल्या भोकातून बघायला लावून माझा कुठला डोळा मुख्य आहे ते तपासलं, तो उजवाच, आधी ऑपरेशन झालेला निघाला, म्हणजे लांबचा डोळा योग्य बाजूला होता. मग म्हणाले, दोन डोळ्यांत फरक ठेवला तर काही जणांना ते सोसत नाही, अंतराचा अंदाज थोडा कमी होतो, स्कूटी चालवताना चष्मा लावायचा. मी म्हटलं लावते. हे सगळं बोलायला किती वेळ लागला असेल? तुम्ही मला कॅशलेसचा फॉर्म समजावला त्याहून कमी. डावा डोळा दीडनं मायनस ठेवलाय, लेन्स तीच, किंमत तीच. आता भैरवातल्या रे खालची रेघ बिनचष्म्याची दिसते.

मी महागड्या लेन्सच्या विरुद्ध नाही, कुणी तसा अर्थ काढू नका. तिरपा नंबर (सिलिंडर) जास्त असेल तर तो काढणारी टोरिक लेन्स खरंच कामाची, त्याला पैसे द्यावेत. मल्टिफोकलवाले, म्हणजे एकाच लेन्समधून लांबचं-जवळचं दोन्ही बघणारे, सुखी लोकही मी बघितलेत, औषधाच्या बाटलीवरची तारीख बिनचष्म्याची वाचतात. पण आमच्या गल्लीतले एक काका, तबला वाजवतात, दरवर्षी डिसेंबरात तानसेन समारोहाला हजीराला स्वतः स्कूटर घेऊन जायचे आणि रात्रीची सभा संपवूनच परत यायचे. त्यांना सगळ्यात वरची मल्टिफोकल टाकली. दिवसा एकदम खूश. रात्री प्रत्येक दिव्याभोवती कडी दिसतात, आणि डिसेंबरातलं आपल्या गावचं धुकं, त्यात ई-रिक्षांचे ते पांढरे एलईडी, तुम्हाला माहितीच आहे. आता नातू नेईल तेव्हा जातात. लेन्स खराब नाही, त्या जातीच्या लेन्सचा तो गुणधर्मच आहे, उजेड दोन-तीन अंतरांत वाटून दिला की कडी येतात आणि कॉन्ट्रास्ट थोडा कमी होतो. बऱ्याच जणांना सवय होते, काहींना नाही होत. पण त्यांना आधी विचारायला हवं होतं ना, काका रात्री गाडी चालवता का? दुसरीकडे आमच्या मंडळातली एक बाई सरकारी योजनेत फुकट ऑपरेशन करून आली, साधी लेन्स, आणि ती मजेत तांदूळ निवडते, नाकावर दोनशे रुपयांचा चष्मा. तिच्यासमोर ते दुःखी आजोबांचं चित्र ठेवून बघा, हसेल.

आणि ते "ब्लेडलेस लेझर" पॅकेज, ब्लेडऐवजी लेझरनं छेद द्यायचं. ते घेतलं की नजर जास्त चांगली येते असं मला सांगण्यात आलं. भाच्यानं सांगितलं की फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये ह्यावर मोठ्या चाचण्या झाल्या, २०२० मध्ये छापून आल्या, आणि नेहमीच्या पद्धतीपेक्षा नजर सरस आल्याचं काही दिसलं नाही. ज्यांना घ्यायचंय त्यांनी घ्यावं, पण विकताना हेही सांगा.

मला माहिती आहे तुमच्यावर ताण आहे. देशात पन्नाशीवरच्या लोकांच्या अंधत्वात जवळजवळ दोन तृतीयांश वाटा बिनऑपरेशनच्या मोतीबिंदूचा आहे, सरकारच्या २०१५-१९ च्या सर्व्हेत ६६.२ टक्के आलाय. रांगा लागलेल्या असतात, भिंड-मुरैन्याहून लोक पहाटे निघून येतात, एकेकाशी अर्धा तास बोलत बसा असं म्हणायला मी काही बाहेरून आलेली नाही. म्हणून फक्त एक कागद मागते. नाव लिहायच्या फॉर्मच्या मागच्या बाजूलाच छापा, हिंदीत, मोठ्या अक्षरांत, कारण भरणाऱ्याला मोतीबिंदू आहे हे लक्षात असू द्या. दिवसभर काय काम करता, ते डोळ्यापासून किती इंचांवर असतं, घरून मोजून या. रात्री गाडी चालवता का. चष्मा लावायचाच नाही असा हट्ट आहे की चालेल, आणि चालेल तर लांबचा की जवळचा. शुगर आहे का, पडद्याचा त्रास आहे का, कारण पडदा खराब असेल तर म्हणे मल्टिफोकल सहसा टाकत नाहीत. एवढं भरून झाल्यावर डॉक्टरांनी त्यावर एक आकडा लिहावा, कुठल्या अंतराला फोकस ठेवणार तो. त्याच्यानंतर खुशाल कार्ड काढा.

जाता जाता डिस्चार्जच्या कागदाचं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू, आणि हातात इंग्रजीतला बारीक टाइपातला कागद, हे कुणी ठरवलं? थेंबांचं वेळापत्रक तरी नर्सनं बोटावर मोजून सांगितलं. पण डोळा लाल झाला, दुखायला लागला, किंवा दिसायला लागलेलं परत कमी झालं तर त्याच दिवशी या, सकाळची वाट बघू नका, हे एक वाक्य शेवटच्या ओळीत होतं, ते मुलानं फोटो मागवून पुण्यातून वाचून दाखवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच राज्यात इंदूरला ऑपरेशननंतर संसर्ग होऊन अकरा जणांच्या एकेका डोळ्याची नजर गेल्याच्या बातम्या आल्या, ते आम्ही विसरलेलो नाही. असं फार क्वचित होतं, पण होतं तेव्हा वेळच महत्त्वाची असते. ते वाक्य वर घ्या आणि जाड करा. आणि लेन्सच्या मागच्या पडदीवर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी जाळी येऊ शकते, ती पाच मिनिटांच्या लेझरनं जाते, मोतीबिंदू परत आलेला नसतो, हेही तिथेच लिहून टाका, म्हणजे आमच्या विहीणबाईंसारखं घाबरून घरात बसायची वेळ कुणावर येणार नाही.

तो प्रश्नांचा कागद मी हातानं लिहून ठेवलाय, एका पानात बसतो. पुढच्या तपासणीला येईन तेव्हा दहा झेरॉक्स रिसेप्शनवर ठेवून जाईन. बाकीच्या हॉस्पिटलांपैकी कुणाला हवा असेल तर कळवा, पाठवते. इंच मोजायला टेप नसेल तर तोही देईन, पण परत करा, शिवणाचा आहे.

आपली,
एक पेशंट आणि पेटीवाली बाई
लष्कर, ग्वाल्हेर